हजेरी संपली का? सत्तेचे कान, सत्तेचा भोंगा आणि आपलं डोकं

फ्री_कॉलनी (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. विषय मोठा आहे, पण सुरुवात घरातूनच करते, कारण मला तो घरातच सापडला.

माझी आजी सेटलमेंटमध्ये जन्मली. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तरेकडे होता, १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही आला. एखाद्या जमातीवर सरकारने शिक्का मारला की तिच्यातल्या माणसाने खरोखर काही केलंय का, हा प्रश्नच उरत नव्हता. नाव नोंदवा, बोटांचे ठसे द्या, हजेरी द्या, बाहेर जायचं तर पास काढा. सोलापुरात तारेचं कुंपण घालून अशी मोठी वसाहत केली होती, तीच सेटलमेंट. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट, मांग गारुडी, कितीतरी जमातींची माणसं त्या तारेच्या आत. शहरातल्या कापडगिरण्यांना कामाला हात हवेच होते, तेही इथून मिळाले. वागणूक साहेबाच्या मनास आली की तारेबाहेर राहायला जागा मिळायची. त्या बाहेरच्या वस्तीचं नाव फ्री कॉलनी. आमच्या पत्त्यात ते नाव अजून आहे. 'फ्री' कशापासून, हे आता कुणी विचारत नाही.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. आजी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेल. त्यानंतर ती साठ वर्षं जगली आणि साठही वर्षं हजेरी देत राहिली. दिवेलागणीला दारात उभी राहून घरातली डोकी मोजायची. पाहुणा आलेला असला तर त्यालाही मोजायची. कुणी परगावी मुक्कामाला निघालं की "सांगून आलास का?" म्हणून विचारायची. कुणाला सांगायचं ते तिलाही सांगता यायचं नाही. हातात वही घेतलेला कुणीही दारात आला, मग तो लाईटचं मीटर बघणारा असो की जनगणनेच्या बाई असोत, आजी उठून उभी राहायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि एक आकडा सांगायची. आम्ही पोरं हसायचो. मी सातवीत असताना आईने पाठीत धपाटा घातला आणि सांगितलं की तो रजिस्टरातला तिचा नंबर आहे. शेवटच्या वर्षात तिला माझं नाव आठवत नव्हतं. नंबर आठवत होता.

आता हे आज का लिहिते आहे ते सांगते. मागच्या आठवड्यात माझा दहावीतला मुलगा आपल्या शहराच्या प्रश्नांवर निबंध लिहीत होता. नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्यावर चांगलं लिहिलं होतं पोराने. नंतर बघते तर दोन ओळी खोडलेल्या. म्हटलं, का रे? "नको आई, कुणी बघितलं तर?" कोण बघणार? "कुणीतरी." त्याच्या डोळ्यांपुढे कोण होतं ते त्याला सांगता येईना. मला आजी आठवली.

सरकारं, कुठल्याही देशातली आणि कुठल्याही रंगाची, लोकांच्या डोक्यात कशी शिरतात? मला वाटतं त्यांना दोन वस्तू लागतात, कान आणि भोंगा. कानाने ऐकायचं कोण काय बोलतंय, आणि भोंग्याने सांगत राहायचं की हे चांगले, ते वाईट. या दोन्हींची जोड नेमकी कुठे बसते ते मला समजून घ्यायचंय. वाचलेलं लिहा, पण आपल्या घरात, गल्लीत पाहिलेलंही लिहा.


बाळीवेस:

आजींच्या आकड्यापाशी थांबलो. पुढचं वाचायला वेळ लागला. लिहा ताई, वाचतोय.


मंगळवारपेठ:

ताई, मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि सेटलमेंट दरवर्षी दोन ओळींत उरकली. तुमचं लिखाण वाचून त्याची लाज वाटली.

१९३० चं सांगतो. ५ मेला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मेला गोळीबार झाला, लोकांनी चौक्या जाळल्या, पुढचे तीन-चार दिवस या शहरात इंग्रजांचा हुकूम चालला नाही. १२ मेला मार्शल लॉ लागला तो जूनअखेरपर्यंत. हे सगळं आपण दर जानेवारीत चार हुतात्मा पुतळ्यापाशी ऐकतो. मी वर्गात मुलांना वेगळंच विचारायचो. बंदुका घेऊन आलेल्या लष्कराला टोपीची भीती का वाटली? कारण मार्शल लॉमध्ये गांधी टोपी घालून रस्त्यावर दिसणं हा गुन्हा ठरला होता, तिरंगा हातात घेणं हा गुन्हा ठरला होता. वीतभर कापड ते. पण टोपी डोक्यावर असली की समोरून येणाऱ्याला कळतं, हाही आपल्यातलाच. बाजारात अशा शंभर टोप्या दिसल्या की भित्र्यालाही बळ येतं. टोप्या उतरवल्या की माणसं तितकीच राहतात, विचारही तोच राहतो, फक्त प्रत्येकाला वाटायला लागतं की असा विचार करणारा मी एकटाच उरलोय. मला पाळतीचं सगळं मर्म यात दिसतं. माणसाचा विचार बदलायची गरज नाही, त्याला एकटं पाडलं की पुरतं.

आता भोंगा. सरकारी भाषेत ही दंगल होती. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यावर पोलिसांच्या खुनाचा खटला चालवला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवत, म्हणजे शब्दाचं मोल जाणणारा माणूस. सरकारने चौघांना खुनी म्हटलं, शहराने हुतात्मे म्हटलं, आणि शहराचा शब्द टिकला. सिद्धेश्वराच्या यात्रेच्या तोंडावरच ही तारीख येते. माझे आजोबा गड्ड्याला, म्हणजे त्या जत्रेला, निघताना आधी त्या चौघांची नावं घ्यायचे, मग चपला घालायचे.

पण ताई, तुमच्या आजींच्या बाबतीत सरकारचाच शब्द टिकला. शहर तेच, सरकार तेच, वर्षंही तीच. चौघांच्या बाबतीत ज्या लोकांनी सरकारी शब्द झुगारला, त्याच लोकांनी, म्हणजे आम्हीच, तारेच्या आतल्या माणसांसाठी तो शब्द जसाच्या तसा उचलला. 'सेटलमेंटातला आहे, जपून' हे मी माझ्या घरात लहानपणी ऐकलं आहे. ही गोष्ट मला आज पहिल्यांदा दिसते आहे.


शुभ्रा_जुळे_सोलापूर:

वाचून भरून आलं. तरी मला वेगळं सांगायचंय, राग मानू नका. तीन वर्षांपूर्वी गड्ड्यात, होम मैदानावर पाळण्यांच्या बाजूला माझी चार वर्षांची मुलगी हातातून सुटली. त्या गर्दीत माझे पायच गळाले. चौकीतल्या पोलीस बाईंनी मला पडद्यासमोर बसवलं, फ्रॉकचा रंग विचारला, आणि अर्ध्या तासाच्या आत मुलगी खेळण्यांच्या एका दुकानाशी सापडली. कॅमेरे नसते तर काय झालं असतं ते मला अजून रात्री आठवतं. मी दवाखान्यात नोकरी करते, रात्रपाळी करून एकटी घरी येते. रस्त्यात कॅमेरा दिसला की मला धीर येतो. सगळ्याच पाळतीला एका दावणीला बांधू नका, एवढंच म्हणणं. आणि जो वावगं वागत नाही त्याने का घाबरावं?


फ्री_कॉलनी:

राग कसला ताई. मुलगी सापडली हे वाचून मीच सुटकेचा श्वास सोडला. फक्त तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी अडले. माझी आजी तारेच्या आत जन्मली तेव्हा ती काय वावगं वागली होती?


वकील_सातरस्ता:

शुभ्राताईंचा कॅमेरा आणि आजींची हजेरी यांत फरक आहे, आणि तो धरून बोलायला हवं. मूल शोधताना काम एकच होतं, ते ठरलेलं होतं, आणि मूल सापडल्यावर संपलं. हजेरीत आधी संशय, मग जन्मभर त्या संशयाला साजेसा गुन्हा शोधत बसायचं. म्हणून कॅमेरा चांगला की वाईट या भांडणात मी पडत नाही. मी तीन गोष्टी विचारते. चित्रण कुणाच्या ताब्यात आहे? किती दिवस ठेवतात? ते बघायला सही कुणाची लागते?

टेलिफोनचं बघा. फोन ऐकायचा अधिकार इंग्रजांनी केलेल्या १८८५ च्या तार कायद्यातून आला, कलम ५(२). स्वातंत्र्य मिळालं, राज्यघटना आली, तो अधिकार मात्र राहिला, आणि कुणाचा फोन कशासाठी ऐकायचा याला धड नियमही नव्हते. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौकट घालून दिली. गृहसचिवांचा लेखी आदेश हवा, दोन महिन्यांची मुदत हवी, वाढवली तरी सहा महिन्यांच्या पुढे नाही, आणि आदेश तपासायला समिती हवी. चौकट चांगली. पण नीट बघा, या साखळीत न्यायाधीश कुठेच नाही. आदेश देणारे सचिव, तपासणाऱ्या समितीतही सचिवच. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरसुद्धा कळवत नाहीत. माहीतच नाही तर तो कोर्टात दाद काय मागणार? २०२३ मध्ये तार कायद्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा केला, हा सांगाडा त्यातही तोच आहे.

दुसरीकडे २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो निकाल मी ऑफिसात छापून लावला आहे. पण २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १७ वं कलम वाचलं की सरकारी यंत्रणांना त्यातून सूट द्यायची सोय दिसते. हक्क दारातून आत आला आणि सूट खिडकीतून.

आता ताईंच्या मुलाबद्दल. असा 'कुणीतरी' माझ्याकडे महिन्यातून दोनदा येतो. लोक विचारतात, मॅडम, मी व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे, कुणी काही टाकलं तर मला उचलतील का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला नुसता ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही. हे ऐकल्यावरही माणूस म्हणतो, तरी बंदच करतो ग्रुप, कशाला कटकट. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली होती. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. निकाल लोक विसरले. त्या मुलींचे तोंडाला ओढण्या बांधलेले फोटो विसरले नाहीत.


खिळेजुळारीचा_मुलगा:

माझे वडील इथल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ करायची, ओळींचा कॉलम, कॉलमांचं पान. १९७५ च्या जूनअखेर आणीबाणी आली तेव्हा मी पाचवीत होतो. मजकूर छापण्याआधी तपासायला जाऊ लागला. दिल्लीत पहिल्या रात्रीच वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली होती. काही पत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली. मग हुकूम आला की कोरी जागासुद्धा सोडायची नाही.

वडील आयुष्यभर एवढंच सांगत राहिले. म्हणायचे, "अक्षर काढ म्हणाले ते मला कळलं. कोरी जागाही चालेना, तेव्हा ही माणसं कशाला घाबरतात ते कळलं." कोरी जागा दिसली की वाचकाला समजतं, इथे काहीतरी होतं. म्हणून ती भरायची. जुळवलेल्या ओळी चिमट्याने काढायच्या, तिथे कारखान्याची जाहिरात बसवायची, नाहीतर वीस कलमी कार्यक्रमाचं एखादं वाक्य. माप बरोबर जुळलं पाहिजे, पान हललं नाही पाहिजे. वडिलांच्या बोटांना त्याची इतकी सवय झाली की कुठल्या आकाराच्या बातमीच्या जागी काय बसतं ते त्यांना न मोजता कळायचं.

सुरुवातीला प्रुफावर निळ्या पेन्सिलीच्या रेघाच रेघा यायच्या. पाच-सहा महिन्यांनी रेघा कमी झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. छापखान्यात सगळे म्हणाले, बघा, आता सैल सोडलंय. वडिलांनी एकदा जुनी प्रुफं आणि नवी प्रुफं शेजारी शेजारी ठेवून बघितली. सैल कुणी सोडलं नव्हतं. लिहिणाऱ्यानेच पेन्सिल स्वतःच्या डोक्यात घेतली होती. ताईंच्या मुलाने खोडलेल्या दोन ओळी त्याच पेन्सिलीने खोडल्या आहेत.

अजून एक. फेब्रुवारी १९७६ मध्ये चारही वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था केली. तोपर्यंत एका घटनेच्या दोन-तीन तारा यायच्या, त्या ताडून बघता यायच्या. नंतर एकच तार, आणि ती खोटी आहे म्हणायला शेजारी दुसरी नाही.

हेही लिहायला हवं की सगळे गप्प नव्हते. कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी, यशवंतराव चव्हाण हजर असताना, आजारी जयप्रकाश नारायणांना बरं वाटावं म्हणून सगळ्या मांडवाला उभं राहून प्रार्थना करायला लावली. प्रार्थनेला बंदी कशी घालणार? मंगळवारपेठ सरांची टोपीच ती. हजारो लोकांना एकाच क्षणी दिसलं की आपण एकटे नाही. बाई पुढे तुरुंगात गेल्या.


दाजीपेठ:

मी लिहिणारी नाही, पण हे वाचून लिहावंसं वाटलं. माझी आई विड्या वळते. आमच्या गल्लीतल्या बायका दुपारी एकत्र बसून वळायच्या, मजुरीपासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना नावं ठेवायच्या, तेलुगूत, मोठ्याने. दीड-दोन वर्षांपूर्वी मोबाईलवर एक मेसेज फिरला की मोर्चात जाणाऱ्यांचे फोटो काढतात आणि त्यांची नावं यादीतून कापतात. कसली यादी, घरकुलाची का रेशनची, काही लिहिलेलं नाही. खरं की खोटं कुणी विचारलं नाही. पुढच्या मोर्चाला आमच्या गल्लीतून कुणीच गेलं नाही. आई म्हणाली, "आधार त्यांच्याकडे, बँक त्यांच्याकडे, अंगठा त्यांच्याकडे. गप बस की." बायका अजून एकत्र बसतात. नगरसेवकाचा विषय आता निघत नाही.


वकील_सातरस्ता:

दाजीपेठ ताई, तुम्ही लिहिणाऱ्याच आहात. असा कुठलाही आदेश माझ्या पाहण्यात नाही, मोर्चाला गेलं म्हणून रेशन कापता येत नाही. आईंना जरूर सांगा. पण तुमचा मुद्दा वेगळाच आहे आणि मोठा आहे. पोट ज्या रजिस्टरावर चालतं तेच रजिस्टर पाळतीचंही असू शकतं, एवढी शंका पुरे होते.


हिंजवडीत_बार्शीकर:

मी माहितीच्या साठ्यांवरच काम करतो, म्हणून तांत्रिक बाजू. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची, श्टाझीची गोष्ट सांगतो. १९८९ मध्ये त्यांच्याकडे ९१ हजारांच्या आसपास पगारी माणसं होती आणि पावणेदोन लाखांच्या आसपास खबरे. देशाची लोकसंख्या होती दीड कोटीच्या थोडी वर. फायली एकापुढे एक लावल्या तर १११ किलोमीटर, म्हणजे सोलापूरहून निघालात तर विजापूर मागे पडेल. पाकिटं वाफेवर उघडून वाचत, संशयितांच्या अंगाचा वास फडक्यावर घेऊन बरणीत ठेवत. पुढेपुढे त्यांनी अटका कमी केल्या. त्याऐवजी माणसाच्या नोकरीत खोडा घालायचा, बायकोविषयी कंड्या पिकवायच्या, घरातल्या वस्तू हलवून ठेवायच्या. माणूस स्वतःच्याच मनाला घाबरून गप्प होतो. हुतात्माही होत नाही.

आता एवढी माणसं लागत नाहीत, हाच फरक. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन या कंत्राटी कर्मचाऱ्याने अमेरिकी गुप्तहेर यंत्रणेचे कागद बाहेर काढले तेव्हा कळलं की कोट्यवधी लोकांच्या फोनच्या नोंदी रोज गोळा होत होत्या. कुणी कुणाला, किती वाजता, किती वेळ. बोलणं ऐकलं नाही असं त्यांनी सांगितलं. पण मी तुम्हाला धंद्यातलं सांगतो, बोलणं ऐकायची गरजही नसते. रात्री एक वाजता कर्करोगाच्या डॉक्टरला फोन, लगेच भावाला, सकाळी विमा कंपनीला. कळलं ना काय झालंय?

आणि भोंगा. आपल्याला वाटतं प्रचार म्हणजे एकच गोष्ट ओरडून सांगणं. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या काळात तसं होतं, घराघरात रेडिओ पोचावा म्हणून त्यांनी मुद्दाम स्वस्त संच काढायला लावले आणि युद्ध सुरू झाल्यावर परदेशी केंद्र ऐकणं गुन्हा ठरवलं. आता तसंच असतं असं नाही. चीनमध्ये सरकारची माणसं सामान्य माणूस असल्यासारख्या इंटरनेटवर प्रतिक्रिया टाकतात, त्यांचा अमेरिकी संशोधकांनी अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा अंदाज, वर्षाला सुमारे ४४.८ कोटी. गंमत अशी की त्यात टीकाकारांशी वाद जवळजवळ नव्हताच. कुठे असंतोष दिसला की सणाच्या शुभेच्छा, देशाचा गौरव, काहीतरी गोड. वाद जिंकायचा नाही, विषय बदलायचा. मी हे वाचल्यावर आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर महिनाभर लक्ष ठेवलं. पाण्याचा विषय निघाला की तिसऱ्या-चौथ्या मेसेजला कुणीतरी सुप्रभातचं फूल टाकतं. त्यांना कुणी पगार देत नाही. तरी टाकतात.


मंगळवारपेठ:

ताईंनी विचारलं होतं, कान आणि भोंगा यांची जोड कुठे बसते. बार्शीकरांचं वाचलं आणि कपाटातून कौटिल्याचं अर्थशास्त्र काढलं. पहिल्या अधिकरणाचा तेरावा अध्याय. राजाचे दोन हेर तीर्थावर, सभेत, माणसं जमतात अशा ठिकाणी आपसात भांडण काढतात. एक म्हणतो, हा राजा सर्वगुणसंपन्न म्हणतात, पण दंड आणि करांनी लोकांना पिळण्यापलीकडे त्याचा गुण काही दिसत नाही. ऐकणाऱ्यांत कोण मान हलवतो ते बघायचं. मग दुसरा त्याला अडवतो. मोठा मासा लहान माशाला खातो तशी अंदाधुंदी होती, म्हणून लोकांनी मनूला राजा केला, धान्याचा सहावा हिस्सा त्याला दिला, राजाचा अपमान करणाऱ्याला दैवी दंडही बसतो, असं समजावतो.

दोघेही सरकारचेच. टीकाही सरकारची, उत्तरही सरकारचं. एकाच नाटकात कोण कुरकुरतंय ते कळलं आणि कुरकुरणाऱ्याला धडाही मिळाला. जोड इथे बसते. टीव्हीवर रात्री नऊला दोघे एकमेकांच्या अंगावर धावून जातात तेव्हा मला तो अध्याय आठवतो. दोघांतला खरा कोण, यापेक्षा हे भांडण आज कुणी लावलं आणि त्यामुळे कुठलं भांडण राहून गेलं, ते बघावं.


मंगळवेढेकर:

मी पुस्तकातलं सांगत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी व्हॉट्सॲपवर अफवा होती. मेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे, बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्याकडचे. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचांपुरता केला.

अफवा सरकारने पसरवली नव्हती. मग या धाग्यात हे का? कारण अफवा पसरली ती कुणाविषयी, ते बघा. पॅन्टशर्टातला विमा एजंट अनोळखी गावात गेला तर त्याला पाणी देतात. झोळीवाला गेला तर चोर. हे गावाच्या डोक्यात कुणी घातलं? भटक्या माणसावर लक्ष ठेवा, त्याला पास विचारा, आला-गेला कळवा, हे आपल्याकडे चाळीसेक वर्षं सरकारने गावोगावच्या पाटलाकडून करून घेतलं. ताईंच्या आजीचं रजिस्टर बंद झालं १९५२ ला. त्याची नक्कल लोकांच्या डोक्यात राहिली, ती कुठल्या कायद्याने रद्द करायची? भोंगा बंद झाल्यावरही लोक तेच बोलत राहतात, तेव्हा त्याचं काम पुरं झालेलं असतं. पाच माणसं गेली हो आमची.


बाळीवेस:

मंगळवेढेकर, हात जोडतो. त्या दिवसात आमच्या ग्रुपवरही तो मेसेज आला होता. मी पुढे पाठवला नाही, पण खोटा आहे असंही लिहिलं नाही. आज लिहायला हवं होतं असं वाटतंय.


शुभ्रा_जुळे_सोलापूर:

दोन दिवस विचार करते आहे. मी अजूनही कॅमेऱ्याच्या बाजूने आहे, ते मनापासून. पण वकीलताईंच्या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर मला माहीत नाही. माझ्या मुलीचं त्या दिवशीचं चित्रण कुठे आहे, पुसलं की ठेवलं? माहिती अधिकारात विचारता येईल ना? 'जो वावगं वागत नाही' हे वाक्य मी मागे घेते. बाकीचं म्हणणं कायम.


वकील_सातरस्ता:

येतं विचारता. अर्जाचा मसुदा मी करून देते, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. किती दिवस ठेवता, कुठल्या नियमाने आणि पाहण्याची परवानगी कोण देतं, एवढेच प्रश्न. उत्तर काही येवो, इथे टाका.


फ्री_कॉलनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवेढेकर, तुमचं लिखाण मी मुलाला वाचून दाखवलं. वाचताना माझा आवाज गेला, शेवटचं त्यानेच वाचलं.

बार्शीकरांना एक विचारायचंय. जर्मनीत लोकांना आपली फाईल बघायला मिळते का? कारण मी आजीचं रजिस्टर बघायचा प्रयत्न केला होता. आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक कागद सापडला, घडीवर फाटून चार तुकडे झालेला. शाई उडालेली. अंगठ्याचा ठसा तेवढा स्वच्छ दिसतो, रेघ न् रेघ. तो घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या माणसाने कागद हातातही घेतला नाही. म्हणाला, असलं काही आमच्याकडे नाही, आणि असलं तरी तुम्हाला काय करायचंय जुनं उकरून? मी परत आले. येताना लक्षात आलं की मी पूर्ण वेळ उभी होते आणि पदर डोक्यावर होता.


हिंजवडीत_बार्शीकर:

मिळते, ताई. जानेवारी १९९० मध्ये लोक बर्लिनच्या मुख्यालयात शिरले, कागद फाडणं थांबवलं. १९९१ च्या अखेरीस कायदा केला आणि १९९२ पासून ज्याची फाईल त्याला वाचायला मिळू लागली. आपल्यावर खबर देणारा मित्रच होता, भाऊच होता, हे कित्येकांना तेव्हा कळलं. घरं मोडली. तरी लाखो लोकांनी अर्ज केले, अजून करतात. फाडलेल्या कागदांच्या हजारो पोती त्यांनी जपून ठेवली आणि तुकडे जुळवायचं काम काढलं.


मंगळवारपेठ:

ताई, इथल्या कार्यालयाचं 'नाही' शेवटचं समजू नका. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, मुंबई इलाख्याचे जुने सरकारी कागद तिथे आहेत. सेटलमेंटचा कारभारही त्याच सरकारचा होता. मी दोनदा तिथे बसलो आहे, ओळखपत्र आणि अर्ज लागतो. माझी तब्येत बरी असली तर सोबत येतो. आजींचा नंबर मात्र हवा. नावं तिथे कशीही लिहिलेली असतात, नंबरावरून शोध लागू शकतो.


फ्री_कॉलनी:

सर, तुमचं वाचलं आणि घाबरले. तो आकडा मला आठवेना. लहानपणी रोज ऐकलेला, ज्याला हसलो, तोच आठवेना. कागदावर ती जागा नेमकी फाटलेली. मुलगा म्हणाला, आत्याआजीला विचार.

आत्या, म्हणजे आजीची नणंद, पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, कमी ऐकू येतं. फोनवर तीनदा ओरडून सांगितलं, आजीचा नंबर, आजीचा नंबर. पलीकडे जरा शांतता. मग आत्यांनी आजीचं नाव, आजीच्या बापाचं नाव आणि आकडा एका दमात सांगितला, आजी सांगायची त्याच सुरात. आणि लगेच, मी विचारलं नसताना, स्वतःचाही सांगितला.

दोन्ही लिहून घेतले आहेत. इथे टाकत नाही, अर्जात लिहीन. वकीलताई, शनिवारी चार वाजता सात रस्त्याला येते, कागदाची झेरॉक्स घेऊन. मुलगाही येतोय म्हणाला.